आजीच्या छायाचित्राची दुरुस्ती: आर्वीच्या स्टुडिओतील काम

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बाजारातील एका जुन्या फोटो स्टुडिओकडून आम्ही आजीचे छायाचित्र दुरुस्त करून घेतले. काम मनासारखे झाले. पण ते का आवडले, हे त्या छायाचित्रातल्या बाईविषयी लिहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला हे छायाचित्र पुलगावच्या स्टुडिओत काढले होते. गावाहून आर्वीपर्यंत बैलबंडीने आणि पुढे 1917 साली सुरू झालेल्या पुलगाव-आर्वी छोट्या रेल्वेने आजी तिच्या सासूसोबत गेली होती. मागे कमानी रंगवलेला पडदा, शेजारी तिवईवर फुलदाणी, अंगावर काठाचे नऊवारी लुगडे आणि गळ्यात सोन्याच्या मण्यांची एकदाणी. ही एकदाणी पुढे नापिकीच्या एका वर्षी बियाण्यासाठी मोडावी लागली, त्यामुळे घरातल्या सुनांनी आणि नातींनी ती या छायाचित्रातच पाहिली आहे. तिवईवर टेकवलेल्या हाताच्या मनगटावर गोंदण आहे, आणि बोटे मात्र नव्या नवरीची वाटत नाहीत. आजी लहानपणापासून कापूस वेचायला जात असे. पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांची टोके बोटांना कशी सोलून काढतात, हे वेचणीला गेलेली कोणतीही बाई सांगेल.

पहिल्या नमुन्यात नेमके हेच हरवले होते. संगणकावर चेहरा गोरा व गुळगुळीत झाला होता आणि गोंदण डाग समजून पुसले गेले होते. आम्ही हे दाखवल्यावर मालकांनी वाद न घालता काम पुन्हा हाती घेतले, भिंगाखाली मूळ प्रत ठेवून गोंदणाचा एकेक ठिपका ताडून पाहिला आणि सावळा रंग सावळाच राहू दिला. माझ्या मते ग्राहकाचे असे ऐकून घेणे यंत्रापेक्षा मोलाचे आहे.

छायाचित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले होते. दुसऱ्या एका दुकानात ते पाण्यात भिजवून सोडवण्याचा सल्ला मिळाला होता. इथे पुठ्ठ्याला हात न लावता काम झाले. जुन्या ब्रोमाईड कागदातील चांदी वर येऊन लुगड्याच्या गडद भागावर आरशासारखी चकाकी आली होती, ती टाळण्यासाठी दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड देऊन प्रत टिपली. मूळ छायाचित्र लॅमिनेट करू नका, असेही मालकांनी स्वतःहून सांगितले.

फ्रेमसह मोठ्या प्रतीचे 900 रुपये घेतले, ते वाजवी आहेत. फ्रेमचे काम मात्र कमी पडले. काच थेट छायाचित्राला टेकली होती, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अशी प्रत काचेला चिकटून बसते. काच व छायाचित्र यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून द्यायला आधीच सांगावे. लग्नसराईत तिथे फार गर्दी असते, म्हणून दुरुस्तीचे काम शक्यतो पोळ्याच्या आसपास द्यावे.