वेज अँटिलीसला प्रिडेटर द्यावं की आउटमॅन्युव्हर?

'एक्स-विंग' या स्टार वॉर्सच्या टेबलावरच्या लढाईच्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत वेज या पायलटच्या एक्स-विंग जहाजाला एलिट टॅलेंटची, म्हणजे पायलटच्या खास कौशल्याच्या कार्डाची, एकच जागा आहे आणि ही दोन्ही कार्डं ३ पॉइंटचीच. त्यामुळे निवड किमतीवर होत नाही. कार्ड हल्ल्याच्या कोणत्या टप्प्यावर काम करतं, हे आधी बघावं लागतं.

वेजची स्वतःची क्षमता म्हणजे हल्ला करताना समोरच्याची अ‍ॅजिलिटी १ ने, म्हणजे बचावाच्या फाशांची मूळ संख्या एकने, कमी करणं. आउटमॅन्युव्हरही तेच करतं, फक्त लक्ष्य आपल्या आर्कमध्ये (जहाजाच्या माऱ्याच्या कोनात) हवं आणि आपण त्याच्या आर्कबाहेर. कार्डं वेगळी असल्याने दोन्ही परिणाम लागतात आणि टाय फायटरची अ‍ॅजिलिटी ३ वरून १ वर येते. पण दोन्हींना किमान शून्याची मर्यादा आहे. वाय-विंगची अ‍ॅजिलिटी मुळातच १, ती वेज एकटाच संपवतो. तिथे आउटमॅन्युव्हरचे ३ पॉइंट वाया.

टेबलावर हुज्जत होते ती रेंज ३ वर, म्हणजे सगळ्यात लांबच्या पल्ल्यावर. ही शून्याची मर्यादा अ‍ॅजिलिटीला आहे, फाशांना नाही. प्रायमरी (जहाजाच्या मूळ) शस्त्राने रेंज ३ वरून मारलं, तर बचावाचा जादा फासा त्यानंतर मिळतो. अ‍ॅजिलिटी शून्यावर आलेली वाय-विंगही तो एक फासा टाकणारच. वेज आणि आउटमॅन्युव्हर एकत्र आले तरी तो काढून घेता येत नाही.

प्रिडेटर बचावाला हातच लावत नाही. हल्ल्याचा १ फासा पुन्हा टाकू देतं. समोरच्याचं पायलट स्किल (पायलटच्या कौशल्याचा आकडा) २ किंवा कमी असेल तर २ पर्यंत. वेजशी त्याची टक्कर होत नाही. हल्ल्याचे फासे पुन्हा टाकू देणाऱ्या टार्गेट लॉकशी मात्र होते, कारण एकदा पुन्हा टाकलेला फासा त्याच हल्ल्यात परत टाकता येत नाही. प्रिडेटर घेतलं तर अ‍ॅक्शन फोकसवर, म्हणजे फाशांच्या फोकस बाजू हिट किंवा इव्हेडमध्ये बदलणाऱ्या टोकनवर, खर्च करणं मला जास्त पटतं.

आता आकडे. हल्ल्याच्या फाशावर ३ हिट, १ क्रिट, २ फोकस, २ कोऱ्या बाजू. आपल्याकडे फोकस टोकन असेल तर ३ फाशांच्या हल्ल्यात प्रिडेटरचा एक रीरोल सरासरी ०.४३ हिटची भर घालतो, दोन रीरोल ०.५५ ची. बचावाच्या फाशावर ३ इव्हेड (हिट चुकवणाऱ्या बाजू), २ फोकस, ३ कोऱ्या. म्हणजे आउटमॅन्युव्हरने काढलेला फासा साधारण ०.३८ इव्हेडचा, आणि समोरच्याकडे फोकस टोकन असेल तर ०.६३ चा. फोकस घेऊन बसलेल्या जहाजामागे जाता आलं, तर आउटमॅन्युव्हर सरस. समोरासमोर आलात, तर त्याचा उपयोग शून्य, आणि प्रिडेटर मात्र चालूच.

ताफ्यात शत्रूची नाकं दुसरीकडे वळवणारी जहाजं असतील, आणि समोर ३ अ‍ॅजिलिटीची, टोकन जमवणारी जहाजं असतील, तर मी आउटमॅन्युव्हर घेईन. समोर कमी पायलट स्किलच्या अकॅडमी पायलटांचा थवा किंवा वाय-विंगसारखी जड जहाजं असतील, तर प्रिडेटर. समोर काय येणार हे ठाऊक नसेल, तरीही प्रिडेटरच, कारण त्याला जागा साधावी लागत नाही.

२०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा हिशोब लावू नका. तिथे प्रिडेटरला लक्ष्य बुल्सआय आर्कमध्ये (नाकासमोरच्या अरुंद पट्ट्यात) लागतं, आणि वेज अ‍ॅजिलिटी घटवण्याऐवजी थेट बचावाचा एक फासा कमी करतो.