अडलेल्या कामाचा पाठपुरावा: ईमेल की समोरासमोर?

प्रशासन विभागात नव्याने रुजू झालेल्या एका मैत्रिणीचा प्रश्न: दुसऱ्या विभागात अडकलेली माहिती ईमेलने मागू, की उठून जाऊन बोलू?

वेळेचं म्हणाल तर ईमेल दोन मिनिटांत जातो, पण उत्तर कधी येईल ते समोरच्याच्या हातात. प्रत्यक्ष गेलात तर काम नेमकं कुठे अडलंय हे तरी लगेच कळतं.

नोंदीसाठी मात्र ईमेलच. तोंडी मिळालेलं 'उद्या देतो' पुढे सिद्ध करता येत नाही.

खरा फरक पडतो तो सुरात. लिहिणाऱ्याला वाटतं, आपला सूर वाचणाऱ्याला कळेलच. २००५ साली मानसशास्त्रज्ञ क्रूगर, एप्ली आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमका हाच विश्वास फोल ठरला: ईमेलमधलं वाक्य उपरोधिक की गंभीर, हे वाचणाऱ्यांना लिहिणाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा खूपच कमी ओळखता आलं. म्हणून तिसरं स्मरणपत्र कितीही सौम्य लिहिलं तरी टोचू शकतं. त्यात साहेबांना सीसीत घातलं, म्हणजे ईमेलची प्रत त्यांनाही पाठवली, की ती तक्रारच वाटते. माझ्या मते पहिल्या स्मरणपत्रात सीसी नकोच.

ठरलेली मुदत, आकडे, मंजुरी, एकाच वेळी अनेकांना कळवायचं असेल तर ईमेल करा. काम रखडलंय, गैरसमज झालाय किंवा नकार द्यायचाय, तर जाऊन बोला. लांबच्या कार्यालयात असतील तर फोन करा. आणि बोलून झालं की त्याच दिवशी 'आपलं असं ठरलं' एवढा दोन ओळींचा ईमेल टाका.