राखाडी ब्यूटाइल टेप (फटी बुजवायची चिकट, रबरी फीत): चार तारे, एक कापला
आमची मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) 2003 ची, लीड्सच्या पावसात दारातच उभी. यंदा पलंगाच्या उशाशी भिंत मऊ लागली. बोट दाबलं की आत जायचं. खिडकीवर संशय घेऊन दोन शनिवार घालवले. शेवटी ओलावा मोजायचा मीटर आणला. खिडकीखाली 16 टक्के, वरच्या कोपऱ्यात 30 च्या पुढे! पाणी छताच्या कडेच्या ॲल्युमिनियम पट्टीखालून शिरून आतल्या लाकडी चौकटीवरून उतरत होतं.

पट्टी काढली तर स्क्रू गंजलेले, आणि आधीच्या मालकाने वरून थापलेलं सिलिकॉन. त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही, म्हणून ते खरवडण्यातच दिवस गेला. मग पट्टीखाली ही टेप. थंडीत दगड होते. हेअर ड्रायरने शेकली (बायकोचा, न विचारता). स्क्रू आवळल्यावर कडेने बाहेर येते, ती लगेच कापू नका. दोन दिवसांनी पुन्हा आवळा, मग प्लास्टिकच्या पट्टीने काढा. ती वाळून कडक होत नाही, त्यामुळे गाडी हादरली तरी तडा जात नाही.

दीड महिन्यात कोपरा 19 वर आलाय. कुजलेली फळी अजून बदलायची आहे. एक तारा कापला तो कागदी अस्तर सुटता सुटत नाही म्हणून.