एंजलसोबत काय टाकायचं: टेट्रा-कोरी, गुरामी-रेनबो, की नुसते एंजल?

एंजल मासे घ्यायचे ठरलेत, आता सोबत काय टाकू, असं पुण्यातल्या कुठल्याही अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात विचारा, बहुतेक वेळा उत्तर येतं "काहीपण टाका, चालतं सगळं". आणि दुकानातल्या टँकमध्ये ते खरंच चालत असतं, कारण तिथले एंजल नाण्याएवढे असतात. वर्षभरात तोच मासा तळहाताएवढा होतो, वरच्या फिनच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत उंची मोजली तर २० सेंटीमीटरपर्यंत जाते, आणि तो सिक्लिड आहे हे विसरायचं नाही, म्हणजे जागा धरणारा, जोडी जमली की भांडणारा, आणि तोंडात मावेल ते खाणारा. त्यामुळे सोबती निवडताना आजचा एंजल बघू नका, पूर्ण वाढलेला एंजल डोळ्यासमोर ठेवा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं ह्याच हिशोबाने लिहिलंय.

टँकचं आधी पटकन सांगतो. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये साधारण ५५ लिटर पाणी मावतं, त्यात एंजल नको. लांबी एक वेळ कमी चालेल पण उंची दीड फूट हवीच, नाहीतर लांब फिन वाकतात. तीन बाय दीड बाय दीड म्हणजे १९० लिटरच्या आसपास, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हा साइज बरा पडतो, फक्त स्टँड दणकट घ्या कारण नुसत्या पाण्याचंच वजन १९० किलो होतं. पुढची सगळी तुलना ह्याच साइजला धरून आहे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: तुमच्याकडे पाणी कुठलं येतं? खडकवासल्याचं कॉर्पोरेशनचं पाणी तसं मऊ असतं, बोअरचं किंवा टँकरचं बऱ्याचदा जड, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो ना तेच. वाघोली, उंड्री, बावधन ह्या बाजूच्या कितीतरी सोसायट्यांमध्ये टँकर सुरूच असतो, आणि एकाच टाकीत कॉर्पोरेशन, बोअर, टँकर असं तिन्ही मिसळलेलं पण असतं. एंजल मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, म्हणजे मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला, पण आपल्याकडे मिळतात ते पिढ्यान्‌पिढ्या टँकमध्येच वाढवलेले, ते साडेसात-आठ पीएचलापण जमवून घेतात. टेट्रा, म्हणजे थव्याने राहणारे छोटे मासे, एवढं सोसत नाहीत, त्यांना जड पाण्यात टाकलं तर रंग फिका पडतो, आणि नवीन आणलेले तर पटापट जातात. म्हणजे एंजलचं पाण्यावरून अडत नाही, सोबत्यांचं अडतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) स्वस्त मिळतो, दुकानात जायच्या आधी घरचं पाणी मोजून घ्या, पीएचची टेस्ट किट पण घ्या, अंदाज नको.

कॉर्पोरेशनचं पाणी असेल तर टेट्रा आणि कोरी (तळाला राहणारे छोटे मासे), मी डोळे झाकून हेच सांगेन. पण टेट्रामध्येसुद्धा फरक आहे. लोकांना हवा असतो निऑन, आणि निऑनच नेमका चुकीचा, कारण तो जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटरचा, बारीक, आणि मोठ्या एंजलच्या तोंडात सहज जातो. दिवसा काही होत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. सकाळी लाईट लागायच्या आधी बघा, निऑन अर्धवट झोपेत पानाजवळ तरंगत असतात आणि एंजल तोंड किंचित खाली करून, शेपूट न हलवता, नुसत्या छातीच्या फिन वल्हवत हळूहळू सरकत येतो. मग एक झटका. धावपळ नाही, काही नाही, आठवड्याला एक-दोन कमी होत जातात आणि घरातले म्हणतात मेले वाटतं. लहानपणापासून एकत्र वाढलेले असतील तर धोका थोडा कमी असतो, पण त्या भरवशावर राहू नका. कार्डिनल टेट्राचं थोडं बरं, तो जरा मोठा आणि गरम पाणी जास्त सोसतो, तरी लहान असताना तोही गेलाच.

त्याऐवजी रमीनोज टेट्रा घ्या. साधारण पाच सेंटीमीटर होतो, चपळ आहे, सगळे मिळून एका दिशेने वळतात, आणि एंजलला लागतं तेच २६-२८ डिग्रीचं पाणी त्यालाही आवडतं. अजून एक, पाणी बिघडायला लागलं की ह्याच्या डोक्यावरचा लाल रंग आधी उतरतो, टेस्ट किट काढायच्या आधी तुम्हाला कळतं की पाणी बदलायला झालंय. मला हा मासा एवढ्यासाठीसुद्धा आवडतो. दहा-बारा तरी घ्या, चार-पाच घेतले तर बिचारे कोपरा धरून बसतात. लेमन टेट्रा, डायमंड टेट्रा पण चालतात. टँक चार फुटी असेल तर काँगो टेट्रा, तो आठ सेंटीमीटरपर्यंत जातो आणि एंजलशेजारी फार देखणा दिसतो.

टेट्राच आहे म्हणून ब्लॅक विडो आणि सर्पे मात्र नको, त्यांना फिन कुरतडायची सवय असते आणि एंजलच्या लोंबणाऱ्या फिन म्हणजे आयतं आमंत्रण. टायगर बार्ब तर अजिबातच नको. वेल टेल (लांब झुलत्या फिनचे) एंजल असतील तर ह्या बाबतीत दुप्पट जपा, कारण फाटलेल्या फिनला नंतर बुरशी धरते, फिन रॉट होतो, म्हणजे फिन सडते, आणि मग औषधं सुरू.

दुसरा पर्याय म्हणजे जड पाण्याचा, आणि तो काही कमी प्रतीचा नाही, टेट्राच्या थव्याची मजा नसली तरी रंग भरपूर. बोसमानी रेनबो दहा सेंटीमीटर होतो, अर्धा निळा अर्धा केशरी, जड पाण्यात खूश, खाल्ला जायची भीती नाही. फक्त हा दिवसभर पळणारा मासा, खाणं पडलं रे पडलं की आधी हाच पोचतो आणि एंजल मागे राहतो, म्हणून खाणं दोन बाजूंना टाकायचं, आणि तीन फुटात पाच-सहाच्या वर नको. पर्ल गुरामी माझा खास आवडता, स्वभावाने शांत, बारा सेंटीमीटरपर्यंत वाढतो, मऊ आणि जड दोन्ही पाण्यात निभावतो, त्यामुळे पाण्याचा घोळ असलेल्या सोसायटीत सगळ्यात सेफ हाच. एक नर आणि दोन माद्या घ्या. दुकानात निळा गुरामी जास्त दिसतो, स्वस्तही असतो, पण त्याचा नर तापट निघतो आणि एंजलशी वरच्या पाण्यावरून मारामारी करतो, तेव्हा स्वस्तात मिळतोय म्हणून पर्लच्या जागी तो उचलू नका.

मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ह्यांनाही जड पाणी मानवतं. मोठे स्वोर्डटेल एंजलबरोबर ठीक राहतात, पिल्लं मात्र एंजल खाणार, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे टँक भरून वाहत नाही. गप्पी नको. लहान, वर शेपटीचा पसारा, एंजल त्याला टोचायला जातोच. गोल्डफिश आणि एंजल एकत्र ठेवलेले पाहतो तेव्हा वाईट वाटतं, एकाला थंड पाणी हवं, दुसऱ्याला गरम, शिवाय गोल्डफिशची घाण प्रचंड, त्यात दोघांचेही हाल. ऑस्कर, पॅरट वगैरेचा विषयच नको. डिस्कस एंजलचा नातेवाईक, दिसायला जोडी छान, पण तो खायला संथ आणि एंजल हावरट, पहिल्यांदाच टँक करताय तर त्या वाटेला जाऊ नका.

एक आपल्या मातीतला पण आहे, मिस केरला म्हणजे डेनिसन बार्ब, पश्चिम घाटातल्या वाहत्या, गार पाण्याचा. जंगलात धोक्यात आलेली जात आहे, आणि त्याला हवं गार खळाळतं पाणी, एंजलला हवं उबदार संथ. देखणा असला तरी इथे नको.

तळाला काय, तर सहा-आठ कोरी, खाली बारीक वाळू, टोकदार खडी नको कारण त्यांच्या मिशा झिजतात. पुण्याच्या एप्रिल-मे मध्ये टँकचं पाणी सहज ३० च्या वर जातं, म्हणून मिळाला तर स्टर्बाय कोरी घ्या, तो उष्णता चांगली सोसतो, पेपर्ड कोरीला गारवा लागतो. दुकानदार तळासाठी हमखास सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) देतो, "टँक साफ ठेवतो" म्हणून. तोच साधा सकर फूटभराच्या वर वाढतो, स्वतःच ढीगभर घाण करतो, आणि भूक भागली नाही की रात्री एंजलच्या सपाट अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो. सकाळी एंजलच्या कुशीवर खवले उडालेला फिकट गोल डाग दिसला तर आधी ह्याच्यावर संशय घ्या. त्याच्या जागी ब्रिसलनोज, म्हणजे सकरचाच छोटा भाऊबंद, घ्या, एकच, बारा-तेरा सेंटीमीटरवर थांबतो, सोबत लाकडाचा तुकडा आणि अधूनमधून काकडीची चकती. आणि आधीच घेतलेला सकर मोठा झाला म्हणून कुणीही पाषाण तलावात नाहीतर मुठेत सोडू नका, कळकळीने सांगतोय, हा मासा तिथे तगतो आणि आपल्या इथल्या माशांची जागा खातो. दुकानात परत द्या.

तिसरा पर्याय नुसते एंजल. पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची, साधारण आठ महिने ते वर्षात त्यातली जोडी आपोआप जमते, मग ती दोघं एखादं उभं पान किंवा फिल्टरचा पाईप निवडून तोंडाने घासूनपुसून साफ करतात, मादी ओळीने अंडी घालते, मागून नर जातो, आणि पुढे दोघंही फिन हलवून अंड्यांवर पाणी खेळतं ठेवतात. हे बघायला मिळणं म्हणजे ह्या छंदातलं सोनं. पण त्या दिवसापासून अर्धा टँक त्यांचा, बाकीचे एंजल कोपऱ्यात, म्हणून दुसरा टँक किंवा उरलेले घेणारं कुणीतरी आधीच बघून ठेवा. जोडी जमली तर टेट्राच्या टँकमध्ये तेवढा त्रास होत नाही, रमीनोज चपळपणे बाजूला होतात, गुरामीला मात्र मार बसतो. पिल्लं वाढवायची खरंच इच्छा असेल तर सोबती नकोतच.

काहीही निवडलंत तरी टँक आधी चार ते सहा आठवडे सायकल होऊ द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये जमू द्या, आणि अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्यावर आलेले टेस्टमध्ये दिसले पाहिजेत. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, १९० लिटरला २०० वॅटचा हीटर लावा, हीटर नसेल तर एंजलच घेऊ नका. पाणी बदलताना अँटी-क्लोरीन प्रत्येक वेळी, आणि गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी जे पहिलं पाणी येतं ते टँकला वापरू नका, पाईपातला गाळ येतो, शनिवारी बदला. मासे टाकायचा क्रम पण लक्षात ठेवा: आधी टेट्रा किंवा रेनबो, दोन-तीन आठवड्यांनी कोरी, एंजल सगळ्यात शेवटी, आणि तेही लहान, म्हणजे ते आले तेव्हा टँक आधीच दुसऱ्यांचा असतो आणि त्यांना सगळीकडे मालकी गाजवता येत नाही.