मोटरचा वेग: पल्स मोजायचे की पल्समधला वेळ?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मोटर तपासायच्या टेस्ट बेंचसाठी डेटा ॲक्विझिशन कार्ड, म्हणजे सेन्सरचे सिग्नल संगणकात आणणारं कार्ड, घ्यायचं ठरलं की सगळी चर्चा ॲनालॉग चॅनेल आणि सॅम्पलिंग रेटवर होते. वेग मोजायचा असेल तर आधी काउंटर (पल्स मोजणारा भाग) बघा, बाकीचं नंतर.

रस्ते दोन. एक तर ठरावीक वेळात किती पल्स आले ते मोजायचं, नाहीतर दोन पल्सच्या मध्ये कार्डाच्या क्लॉकचे किती ठोके पडले ते.

चार पोलची मोटर 1500 आरपीएमच्या आसपास फिरतेय आणि शाफ्टवर फेरीला एक पल्स देणारा एकच प्रॉक्सिमिटी सेन्सर आहे, तर सेकंदाला जेमतेम 25 पल्स मिळतात. सेकंदभर मोजून एक पल्स इकडचा तिकडे झाला की 60 आरपीएमची चूक. पूर्ण लोडवर 1440 ने फिरणाऱ्या मोटरची अख्खी स्लिपच (1500 पेक्षा ती जितकी मागे पडते तो फरक) तेवढी असते! म्हणजे जे मोजायला बसलो तेच हातातून गेलं. 80 मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर मात्र दोन पल्समधल्या 40 मिलिसेकंदांत 32 लाख ठोके पडतात. उरते ती क्लॉकची स्वतःची चूक, 50 पीपीएम (दहा लाखांत 50) धरली तरी 0.075 आरपीएम.

शाफ्टवर फेरीला 1024 पल्स देणारा एन्कोडर (खाचांची डिस्क असलेला सेन्सर) लावला की पारडं फिरतं. सेकंदाला 25,600 पल्स येतात, त्यामुळे पल्स मोजणं चांगलंच जमतं. उलट एकाच पल्सच्या वेळात ठोके फक्त 3,125, आणि डिस्कच्या खाचांत जरा फरक असला की आकडा नाचतो. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) नॉइजने एखादा खोटा पल्स घुसला तर विचारूच नका. माझं मत स्पष्ट आहे: सिग्नल 1024 ने भागून पूर्ण फेरीचा वेळ मोजा. खाचांचा फरक फेरीतच मिटतो आणि दर 40 मिलिसेकंदांनी नवा आकडा हातात येतो. त्यासाठी साधारणपणे दोन काउंटर जोडावे लागतात: एक भागायला, एक वेळ मोजायला.

नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या यूएसबी-6008 कार्डात काउंटर एकच, तोही फक्त पल्स मोजणारा. वेळ संगणकाने धरायची, आणि विंडोजने 10 मिलिसेकंद उशीर केला की सेकंदामागे 1 टक्का गेला. कलाभवनातल्या (वडोदऱ्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या) प्रोजेक्टमध्ये नग मोजायला ते पुरे. बेंचसाठी यूएसबी-6211 घ्या: दोन काउंटर, 80 मेगाहर्ट्झ. मोटर आणि गिअरबॉक्स दोन्हींचे शाफ्ट एकदम मोजायचे असतील तर चार काउंटरचं यूएसबी-6341.

कार्डाचे इनपुट 5 व्होल्टचे आहेत, हे मात्र ऑर्डर देतानाच लक्षात ठेवा. एन्कोडर 24 व्होल्टचा असेल तर मध्ये वेगवान ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे देणारा भाग) लागेलच.