मे महिन्यात जाळीचं जॅकेट: लातूर पट्ट्यातले आठ महिने, सोळा हजार किलोमीटर

फेब्रुवारीच्या शेवटी पुण्यात जाळीचं रायडिंग जॅकेट घेतलं. बिल करताना दुकानदारानं गाव विचारलं. लातूर म्हटल्यावर हसला. "मेमध्ये परत आणून देऊ नका म्हणजे झालं," म्हणाला. आता ऑक्टोबर संपत आलाय, गाडीच्या मीटरवर सोळा हजार किलोमीटर वाढलेत आणि जॅकेट अजून माझ्याकडंच आहे. उन्हाळा, पावसाळा आणि ही ऑक्टोबर हीट, तिन्ही अंगावर काढून मग लिहायला बसलोय.

मी जनावरांच्या औषधांचा प्रतिनिधी. लातूर, औसा, निलंगा, देवणी, उदगीर, अहमदपूर, चाकूर हा माझा पट्टा. १२५ सीसीची गाडी, रोजचे ऐंशी-शंभर किलोमीटर. आधीचा वेश म्हणजे अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात सँडल आणि हेल्मेट कधी डोक्यावर, कधी आरशाला. जानेवारीत औसा रोडवर एक पोरगं माझ्यासमोर घसरून पडलं. हाड मोडलं नव्हतं. पण कोपरापासून मनगटापर्यंत कातडी जागेवर नव्हती, आणि त्याला दवाखान्यात नेताना तो हात मीच धरून बसलो होतो. पुढच्या पगाराला पुणे गाठलं.

जॅकेट ७,४००, हातमोजे १,८००, गुडघ्याचे गार्ड २,१००. पाठीचं पॅड नंतर वेगळं घ्यावं लागलं, त्याचं पुढं सांगतो. जॅकेट मुद्दाम फिक्कट राखाडी घेतलं. काळं रुबाबदार दिसतं हे खरं, पण आपल्याकडच्या उन्हात काळं घालायचं तर रुबाब शिजवूनच खावा लागेल.

मार्च बरा गेला. खरी परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. पारा चाळिशीला टेकला आणि मला वाटलं, दुकानदार बरोबर होता. चाकूर सोडलं की अहमदपूरपर्यंत रस्त्याला सावली कमी. जाळीतून वारा येत होता, पण तो भट्टीचं तोंड उघडल्यासारखा. एक दिवस वैतागून जॅकेट काढलं, मागं बांधलं आणि शर्टावर निघालो. पहिली पाच मिनिटं स्वर्ग. पंधराव्या मिनिटाला हात चटचटायला लागले, ओठ कोरडे पडले. अहमदपुरात पोचलो तेव्हा जॅकेटमध्ये असतो त्याहून जास्त गळालो होतो.

कारण घरी बसून वाचलं तेव्हा कळलं. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गार असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून सकाळी सातला मोकळा शर्ट छान वाटतो. हवा चाळीसच्या वर गेली की तोच वारा उष्णता अंगात आणून ओततो, आणि गाडी जितकी जोरात तितकी जास्त. अशा वेळी अंग थंड करायला एकच वाट राहते, घाम वाळणं. एक लिटर पाणी वाळताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता सोबत नेतं. माठ यानंच गार होतो, घरातला कूलर यानंच चालतो. पण उघड्या हातावर साठच्या वेगानं कोरडा वारा आदळला की घाम अंगावर टिकतच नाही. पाणी निघून जातं आणि कातडी कोरडी, तापलेली राहते. वर ऊन थेट लागतं ते वेगळंच.

हे काही नवीन नाही. मेमध्ये नांगरटीला उभा असलेला माणूस बघा. पूर्ण बाह्यांचा सैल सदरा, डोक्याला टॉवेल, कानसुद्धा झाकलेले. उघड्या अंगानं उन्हात राबणारा जुना शेतकरी मला तरी आठवत नाही. अर्ध्या बाह्या आपल्या, ऑफिसवाल्यांच्या.

मग प्रयोग सुरू झाले. जॅकेटच्या आत सुती, पूर्ण बाह्यांचं बनियन घालायचं. निघताना पाण्यात बुडवायचं, पिळायचं, अंगात चढवायचं आणि वरून जॅकेट. चेन गळ्यापर्यंत बंद, मनगटाच्या पट्ट्या जरा ढिल्या. आधी मी चेन अर्धी उघडी ठेवायचो, जास्त वारा म्हणजे जास्त गार असं वाटून. उलटं निघालं. वारा जास्त आला की बनियन वीस मिनिटांत खडखडीत वाळायचं. चेन बंद ठेवली तर हमरस्त्यावर अर्धा तास आणि आतल्या रस्त्यांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मजेत जातात. चालता कूलरच. घाम लवकर वाळवणारे खेळाडूंचे टी-शर्टही वापरून पाहिले. ते पहिली दहा मिनिटं हुडहुडी भरवतात आणि लगेच संपतात. आपल्या कोरड्या उन्हाला साधं सुती होजिअरीच बरं.

बनियन वाळलं की मात्र लगेच कळतं, कुणी इस्त्री फिरवल्यासारखं. त्यामुळं प्रत्येक थांब्याला बाटलीतलं पाणी कॉलरमधून आणि बाह्यांतून आत ओतायचं. यात एक गोष्ट अशी घडली की ती लिहिल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. मेच्या शेवटी निलंगा तालुक्यातल्या एका गावात डेअरीसमोर उभा राहून मी सवयीनं बाटली अंगात रिकामी केली. पलीकडं टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली. एक म्हातारी माझ्याकडं बघत होती. रागानं नाही, नुसतं बघत होती. मग म्हणाली, "लेकरा, प्यायचं हाय का ते?" मला उत्तर देता येईना. ज्या जिल्ह्यानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, तिथं मी पाणी अंगावर ओतत होतो. त्या दिवसापासून ओतायचं पाणी घरचं, बोअरचं, दोन लिटरच्या वेगळ्या कॅनमध्ये नेतो आणि गावाबाहेर, झाडाखाली थांबून ओततो. बोअरचं पाणी जड, त्यामुळं जॅकेटवर आतून पांढरी पुटं चढतात. चढू देत.

ओतायचं पाणी वेगळं, प्यायचं वेगळं. पाठीवर नळीवाली दोन लिटरची पिशवी घेतली होती. तिचा एक दोष कुणी सांगितला नव्हता: नळीतलं पाणी उन्हानं इतकं तापतं की पहिला घोट चहासारखा लागतो. म्हणून घोट झाला की फुंकर मारून नळीतलं पाणी परत पिशवीत ढकलायचं. एप्रिलमध्ये एकदा उदगीरहून येताना नळेगावच्या अलीकडं मला गरगरल्यासारखं झालं. पाणी भरपूर प्यायलो होतो, पण नुसतं पाणी. सोळा-सतरा किलोमीटरचे दगड मी पाहिले, पण कुठला कधी गेला ते आठवेना. तेव्हा गाडी रसवंतीवर लावली, जॅकेट-हेल्मेट काढलं, मानेवर ओला टॉवेल टाकला आणि तासभर हललो नाही. आता दुपारच्या एका बाटलीत ओआरएसची पुडी असतेच. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सगळे सपाट. उसाच्या रसानं जीव सुखावतो, पण घामातून गेलेलं मीठ तो भरून देत नाही. बारा ते चार शक्यतो गाडी चालवतच नाही. साहेबांना हे पटवायला एक महिना लागला, तो वेगळा विषय.

आता पॅडचं. जॅकेट घेताना सगळे जाळी बघतात, आतलं पॅड कुणी बाहेर काढून बघत नाही. मीही नव्हतं बघितलं. खांद्याच्या आणि कोपराच्या पॅडवर मोटरसायकलस्वाराचं चित्र, ईएन १६२१-१ (अशा पॅडच्या चाचणीचं युरोपातलं मानक) आणि लेव्हल २ असं छापलेलं होतं. या चाचणीत ठरावीक जोरानं वजन आदळवतात आणि पॅडखाली किती बळ पोचतं ते मोजतात. लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ ला २० पर्यंतच. पाठीत मात्र नुसता स्पंजचा तुकडा निघाला, त्यावर एक अक्षर नाही. जागा भरायला ठेवलेला. तो काढून १,९०० रुपयांचं लेव्हल २ चं पाठीचं पॅड टाकलं. पाठीची चाचणी वेगळी आणि कडक, ईएन १६२१-२. तिथं लेव्हल १ म्हणजे १८ किलोन्यूटन आणि लेव्हल २ म्हणजे ९.

आणि आपल्या भागासाठी सगळ्यात कामाची खूण कुणी सांगत नाही: टी प्लस. ही पॅडं उन्हात मऊ पडतात. मेमध्ये जॅकेट गाडीवर तासभर राहिलं की कोपराचं पॅड मळलेल्या कणकेसारखं लागायचं. अशा मऊ पॅडनं काय मार झेलायचा, या शंकेनं छाप नीट वाचला, तर त्यात टी आणि अधिकचं चिन्ह होतं. म्हणजे ४० अंशाला ठेवूनही त्याची चाचणी झालेली आहे. ती ऐच्छिक असते, प्रत्येक पॅडवर सापडत नाही. युरोपातल्या माणसाला चाळीस अंश म्हणजे टोक वाटत असेल, आपल्याकडं ते दुपारचे बारा. म्हणून आता जॅकेट उन्हात ठेवत नाही, डेअरीत नाहीतर मेडिकलमध्ये घेऊन जातो. हेल्मेटही तसंच.

आणि मग जून उजाडायच्या आत पडलो. लामजना पाटीच्या अलीकडं, संध्याकाळी साडेपाचला. टिपरमधून वळणावर मुरूम सांडलेला, वेग चाळीसच्या आसपास. पुढचं चाक गेलं आणि डाव्या अंगावर आलो. पाच-सहा फूट घासत गेलो असेन. उठून आधी हात बघितला, कारण डोळ्यासमोर जानेवारीतलं ते पोरगं होतं. हात जसाच्या तसा. कोपरावरचं जाड कापड घासून केसाळ झालेलं, त्याखाली ओरखडा नाही. त्याच्या खाली जिथं नुसती जाळी होती तिथं अंगठा जाईल एवढं भोक पडलं. जाळी ती जाळीच, जाड कापडाइतकी घसरण ती सोसत नाही. ही गारव्याची किंमत आहे आणि ती माहीत असूनच द्यावी. हातमोज्याच्या तळव्यावरची प्लास्टिकची चकती खरवडली. हात वाचले.

डावा गुडघा मात्र सोलून निघाला. गार्ड कुठं होते? बॅगेत. दुपारी निलंग्यात खाली घामोळं आलं, पट्ट्या काचायला लागल्या म्हणून काढून ठेवले होते. २,१०० रुपये बॅगेत आणि मुरूम गुडघ्यात. तीन आठवडे मांडी घालून जेवता आलं नाही. घरी जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

कडक प्लास्टिकचे ते गार्ड नंतर विकून टाकले. आता मोज्यासारखे ओढून घालायचे, आत मऊ पॅड असलेले वापरतो. सैल पँटखाली बसतात आणि भिजवताही येतात. थोडे खाली सरकतात, तासातून एकदा वर ओढावे लागतात. पायात घोट्यावर येणारे बूट. त्यांना मी सरावलो, त्यावर अजून काय लिहू. हातमोजे भोकांच्या चामड्याचे आहेत. पहिले दोन महिने घामानं रंग सुटून हात काळे व्हायचे, दुकानदार चहा देताना बोटांकडं बघायचे. हेल्मेट आयएसआयचं, पूर्ण तोंडाचं. आत ओली सुती टोपी.

पावसाळ्यात ही सगळी युक्ती बंद पडते, कूलर बंद पडतो तशीच. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली, घाम वाळत नाही, भिजवलेलं बनियन नुसतं अंगाला चिकटतं. तेव्हा कोरडं बनियन आणि चेन उघडी. हवा तिशीच्या आसपास असल्यानं वारा खरंच गार लागतो. पाऊस मात्र जाळीतून सरळ आत येतो. सोबत मिळालेलं पावसाचं अस्तर आत घालायचं असतं, म्हणजे भर पावसात रस्त्यात जॅकेट काढायचं. ज्यानं हे ठरवलं त्याला एकदा जुलैत नळेगावच्या रस्त्यावर उभं करावं. मी वरून साधा रेनकोट चढवतो.

वासाबद्दल खरं सांगतो. दर रविवारी पॅड काढून जॅकेट साध्या पाण्यात बुडवलं नाही तर सोमवारी गोठ्यातल्या म्हशीसुद्धा मान वळवतात. चेनचा दात सातव्या महिन्यात गेला. लातुरात बॅगा शिवणाऱ्यानं ८० रुपयांत धावता बदलून दिला. जाळीचं भोक त्यानंच आतून कापड लावून शिवलं.

लोक बोलतात. "कुठं चाललाव, चंद्रावर?" हे रोजचं. देवणीतले एक काका मात्र जॅकेटची सैल बाही चिमटीत धरून म्हणाले, आमच्या गायीच्या गळ्याखालची पोळी अशीच लोंबती असते, उन्हात तिला तीच कामाला येते. देवणी गाय ज्यांच्या दावणीला आहे त्यांना मी काय शिकवणार.

मागच्या आठवड्यात निलंग्यातल्या एका पशुवैद्यकाच्या मदतनिसानं जॅकेट मागून घेतलं. दुपारचे दोन. त्याला बनियन भिजवून दिलं, जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत लावली. पुढच्या गावात लस पोचवून पाऊण तासानं परत आला. चेहरा खुललेला. "सायब, गार वाटतंय की! केवढ्याला पडलं?" सगळं मिळून सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिला, मग बाही चाचपत म्हणाला, "ह्याच्यात अर्ध्या बाह्याचं स्वस्त मिळत असंल, न्हाई?"