धामणीचं ५२ इंची धनुष्य: उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. धनुष्य शाबूत आहे, दोन्ही बाजूंनी सारखं वाकतंय आणि मला ते मनापासून आवडलंय. उन्हाळ्यात घडवलं, साताऱ्याचा अख्खा पावसाळा त्यानं पाहिला, आता थंडीच्या कोरड्या हवेत जरा जास्तच कडक लागतंय. ते टिकलं याचं मोठं श्रेय मी एका निर्णयाला देतो: मधली मूठ ताठ न ठेवता तीही वाकू दिली.

छोट्या धनुष्यात हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा. लाकडी धनुष्याचा ढोबळ हिशेब असा की त्याची लांबी ओढीच्या (बाण मारताना दोरी जिथवर मागे ओढतो त्या अंतराच्या) दुपटीपेक्षा निदान दहा टक्क्यांनी जास्त असावी. माझी ओढ २३ इंच, म्हणजे साधारण ५१ इंच लागतात आणि माझं धनुष्य ५२ इंचांचं आहे. पण हा हिशेब सगळं लाकूड वाकतंय असं धरून केलेला असतो. मध्ये आठ-दहा इंचांची जाड, ताठ मूठ ठेवली की तेवढी लांबी बाद होते आणि सगळा ताण उरलेल्या दोन बाहूंवर, म्हणजे मुठीच्या वरच्या आणि खालच्या भागांवर येतो. सहा फुटी धनुष्याला ते परवडतं, सव्वाचार फुटीला नाही.

लाकूड धामणीचं. आपल्याकडे कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडीच्या काठ्या याच लाकडाच्या करत, कारण ते वाकतं आणि परत जागेवर येतं. जंगलातून तोडून आणायच्या भानगडीत पडू नका. वखारीत विचारा, दांड्यांसाठी येणारा माल पाहा. सरळ रेषांचा, कमी गाठींचा, नीट वाळलेला तुकडा मिळेपर्यंत थांबलेलं बरं. निशाणाकडे असते ती धनुष्याची पाठ आणि आपल्याकडे असतं ते पोट. पाठीवर लाकडाच्या वाढीचं एकच वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहायला हवं, कारण ओढताना पाठ ताणली जाते आणि तुटलेल्या तंतूपासूनच चीर सुरू होते. त्यामुळे पाठ एकदा साफ झाली की तिला हत्यार लावायचं नाही, फक्त कडा काचपेपरनं गोल करायच्या. पुढचं सगळं काम पोटाच्या बाजूनं.

गोडोलीजवळच्या ज्या सुतारकामाच्या शेडमध्ये मी हे काम केलं, तिथल्या मिस्त्रींनी रंध्याची दिशा दाखवली ती फार उपयोगी पडली. एका गाठीशी आल्यावर म्हणाले, "इथनं उलटा मारा दादा, न्हायतर टवका उडंल." गाठीभोवती थोडं लाकूड जास्त ठेवायलाही त्यांनीच सांगितलं.

आता खरी गोष्ट, वाक एकसारखा करण्याची. रुंदी कमी केली तर ताठरपणा त्याच प्रमाणात कमी होतो, पण जाडीचं गणित घनाचं आहे. १२ मिमी जाडीतून फक्त १ मिमी उतरवला तर त्या जागेचा ताठरपणा साधारण २३ टक्क्यांनी घटतो. म्हणून रंधा लवकर खाली ठेवायचा, मग कानस, आणि शेवटी नुसतं स्क्रेपर, म्हणजे खरवडायची धारदार पट्टी. स्क्रेपर नसेल तर फुटक्या काचेची धारही चालते, हातमोजा मात्र घाला. माझ्या धनुष्याची रुंदी मधल्या भागात ३८ मिमी आहे, पुढे ती टोकांकडे निमुळती होत जाते. जाडी मध्यावर १२ च्या आसपास आणि टोकांजवळ ८-९ मिमी. मुठीपाशी पकडीसाठी रुंदी थोडी कमी केली, तेवढी जाडी थोडी जास्त ठेवली.

भिंतीला एक खुंटा, त्यात धनुष्य आडवं बसवायचं, त्याच्या दोरीला अडकवलेला ओढायचा दोर खालच्या कप्पीतून आपल्याकडे घ्यायचा आणि लांब उभं राहून ओढत वाक पाहायचा. मागच्या भिंतीवर चौकटी आखल्या की डोळ्याला फसायला जागा राहत नाही. या दोरात हुकवाला वजनकाटा अडकवलेला असावा. सुरुवातीला धनुष्याची दोरी सैल, लांब ठेवायची, दोन्ही बाहू सारखे वाकायला लागले की मगच ती आखूड करून चढवायची. ठरवलेल्या भारापलीकडे (भार म्हणजे धनुष्य ओढायला लागणारा जोर) या कामात एकदाही ओढायचं नाही. माझा ठरलेला भार ३२ पौंड, म्हणजे साडेचौदा किलो. काटा तिथे पोचला की ओढ १५ इंच असो की २०, थांबायचं, लाकूड कुठे उतरवायचं ते बघायचं आणि पुन्हा सुरू. प्रत्येक खरवडणीनंतर वीस-तीस वेळा अर्धंमुर्धं ओढून लाकूड नव्या जाडीला बसू द्यायचं, नाहीतर नुकताच केलेला बदल दिसतच नाही.

मला सर्वांत आवडलेलं साधन फुकटचं आहे. सहा इंचांचा सपाट ठोकळा, मध्ये भोक आणि त्यात पेन्सिल. धनुष्य ओढलेलं असताना पोटावर जिथे वाक सर्वात जास्त असेल तिथे ठोकळा टेकवायचा आणि पेन्सिलीचं टोक लाकडाला जेमतेम लागणार नाही इतकं पुढे काढायचं. मग ठोकळा पूर्ण बाहूवरून सरकवायचा. जिथे पेन्सिल उमटते तिथे लाकूड ताठ आहे, खरवडायचं तिथेच. जो भाग जास्त वाकतोय त्याला हात लावायचा नाही, त्याच्या आजूबाजूचं सगळं कमी करत त्याच्या बरोबरीला आणायचं. यात भार कमी होतो. तो जाऊ द्यावा, पण एका जागी बिजागरीसारखं वाकणारं धनुष्य हातात घेऊ नये.

फक्त खुणा मिटवत बसू नका, एक बारकावा आहे. टोकांकडे लाकूड पातळ असतं, ते थोडं जास्त वाकलं तरी त्याला तेवढा ताण पडत नाही. जाड मधला भाग तितकाच वाकवला तर तो थकतो. त्यामुळे माझ्या धनुष्याचा वाक अचूक वर्तुळाचा नाही, टोकांकडे किंचित जास्त आहे. मूठ वाकते हे ओढताना डोळ्याला जेमतेम दिसतं आणि तेवढंच पुरे. खालचा बाहू वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवलाय, दोरीपासूनच्या अंतरात ४-५ मिमीचा फरक पडेल इतका, कारण बाण मध्याच्या थोडा वरून जातो आणि हाताचा दाब मध्याच्या खाली येतो.

वापराबद्दल. उसाच्या पाचटाचे गठ्ठे एकावर एक रचून १५-२० मीटरवरून बाण मारतो. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली. तेव्हापासून इथली मुलं धनुष्य म्हटलं की चाकांचंच विचारतात. कंपाउंडला शेवटी भार हलका होतो. इथे उलट, शेवटच्या दोन इंचांत भार झपाट्यानं चढतो आणि दोरीचा कोन तीव्र झाल्यानं बोटांना चिमटा बसतो. कातडी बोटपट्टी घालाच. वाकत्या मुठीमुळे बाण सुटताना हाताला हादरा जाणवतो, तो ताठ मुठीच्या धनुष्यात कमी असतो. ही उणीव खरी आहे आणि ती सांगायला हवी. मला चालते.

जुलै-ऑगस्टमध्ये भार पौंड-दीड पौंडानं उतरला. लाकडानं हवेतली ओल घेतली की असं होतंच. त्या दिवसांत पूर्ण ओढ टाळली, दोरी वापरापुरतीच चढवली आणि धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवलं, कोपऱ्यात भिंतीला टेकवून नाही. स्पिरिटमधल्या लाखेच्या पॉलिशचे पातळ हात आणि वरून मेण, एवढंच लेपन. नुसतं जवसाचं तेल ओल अडवायला कमी पडतं. पावसाळ्यानंतर चौकटींच्या भिंतीपुढे पुन्हा फोटो काढून उन्हाळ्यातल्या फोटोशी ताडून पाहिला. वरच्या बाहूत मध्यापुढची जागा किंचित जास्त वाकत होती, ती शेजारच्या दोन्ही बाजू स्क्रेपरनं हलकेच खरवडून बरोबरीला आणली. दोरी उतरवल्यावर टोकं इंचभर दोरीकडे झुकलेली राहतात आणि सकाळपर्यंत त्यातली बरीचशी सरळ होतात. पोटावर दाबल्याच्या आडव्या बारीक रेषा कुठेही नाहीत. भिंगानं पाहिलंय.

दोरी डॅक्रॉनची, म्हणजे थोडं ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची आहे. अजिबात न ताणणाऱ्या नव्या धाग्यांच्या दोऱ्या लाकडी खाचांना झेपतीलच असं नाही. बाण न लावता दोरी सोडायला कोणालाही देऊ नका, लहान मुलांना तर नाहीच.

ज्यांची ओढ २४ इंचांच्या आत आहे त्यांनी या मापाचं धनुष्य बेलाशक करावं. माझा भाचा उंच आहे, त्याची ओढ २६ इंचांची. हेच धनुष्य हवं म्हणून तो मागे लागलाय, पण त्याला हे देत नाही. त्याच्यासाठी वखारीतून ५८ इंची तुकडा आणून माळ्यावर वाळत ठेवलाय.